लव्हाळ्याचा क्रूस आणि स्वस्तिकाचा मोह

१/
१ फेब्रुवारी हा आयर्लंडमध्ये संत ब्रिगिडचा दिवस. आदल्या संध्याकाळी दलदलीतले लव्हाळे उपटून आणायचे, चुलीजवळ बसून त्यांचा क्रूस विणायचा आणि तो दाराच्या चौकटीवर किंवा छपराच्या वाशात खोवायचा, ही तेथील ग्रामीण घरांची जुनी रीत. मधोमध चौकोनी वीण आणि तिच्या एकेका कडेने निघालेले चार हात. मराठी डोळ्यांना हा आकार दिसताच एकच शब्द आठवतो: स्वस्तिक.

२/
तेथून पुढचा प्रवास फार वेगाने होतो. आकार सारखा, म्हणून मूळ एक. मूळ एक, म्हणून चिन्ह हजारो वर्षांचे. आणि ते ख्रिस्ती घरात सापडते, म्हणून चर्चने बळकावलेले. युरोपातही या कथेची एक आवृत्ती लोकप्रिय आहे. तिच्यानुसार हा क्रूस म्हणजे प्राचीन सूर्यचक्र आणि ब्रिगिड म्हणजे संताचा वेश घेतलेली देवी. दोन्ही कथा ऐकायला गोड आहेत. मात्र नाव, देवी, संत आणि क्रूस या चार गोष्टींचे पुरावे वेगवेगळ्या काळांतले आणि वेगवेगळ्या ताकदीचे आहेत. त्यांची एकच मोळी बांधली की इतिहास हातून निसटतो.

३/
प्रथम नाव. येथे नाते खरे आहे. जुन्या आयरिशमधील 'ब्रिगित' हे नाव 'उंच, उन्नत' अशा अर्थाच्या मुळापासून आले असून संस्कृतातील 'बृहती' हे त्याच कुळातले रूप होय. रोमन काळातील ब्रिटनच्या शिलालेखांत 'ब्रिगँटिया' नावाची देवता आढळते, तीही याच घराण्यातली. जर्मन भाषेतला डोंगरवाचक 'बेर्ग' हा आणखी एक नातलग. हे ठामपणे सांगता येते, कारण या भाषांतील ध्वनिबदलांचे नियम ठाऊक आहेत आणि ते एका सोयीच्या शब्दापुरते न राहता असंख्य शब्दांना सारखेच लागू पडतात.

४/
आता देवी. इ.स. ९०० च्या सुमारास संकलित झालेला 'कॉर्मकचा कोश' सांगतो की ब्रिगित ही कवींची आराध्य देवी, दाग्दा या देवाची कन्या; तिच्याच नावाच्या तिच्या दोन बहिणी, एक वैद्यकाची आणि दुसरी लोहारकामाची. हा कोश मन्स्टरचा राजा आणि बिशप असलेल्या कॉर्मकच्या नावावर आहे. म्हणजे आयरिश देवी ब्रिगितची ही प्रसिद्ध माहिती ख्रिस्ती विद्वानांनीच जपून ठेवलेली आहे.

५/
संताची नोंद याहून जुनी आहे. किल्डेअरचा मठ स्थापन करणाऱ्या ब्रिगिडचा मृत्यू परंपरेने ५२५ च्या सुमारास मानला जातो. कॉगिटोसस या लेखकाने तिचे लॅटिन चरित्र सातव्या शतकातच लिहिले, म्हणजे कॉर्मकच्या कोशापूर्वी दोनशेहून अधिक वर्षे. 'आधी देवी, मग संत' हा क्रम खरा असेलही. परंतु आयर्लंडच्या हस्तलिखितांत तो उलटा लागतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या विसंगतीपाशी थोडे थांबायला हवे.

६/
कॉगिटोससच्या चरित्रात काय आहे? दूध, लोणी, गुरे आणि भुकेली माणसे. ब्रिगिड लोणी गरिबांना वाटून टाकते आणि ते पुन्हा भरून येते. पावसात भिजून आल्यावर ती आपले ओले वस्त्र सूर्यकिरणावर वाळत घालते. पुढे ११८८ च्या सुमारास जेराल्ड ऑफ वेल्स किल्डेअरच्या अखंड अग्नीचे वर्णन करतो: एकोणीस धर्मभगिनी एकेक रात्र तो राखतात आणि विसाव्या रात्री तो स्वतः ब्रिगिडवर सोपवला जातो. अग्नीभोवती कुंपण असून पुरुषाला ते ओलांडण्यास मनाई आहे.

७/
या साऱ्यात लव्हाळ्याचा क्रूस कोठेही नाही. आज सर्वत्र सांगितली जाणारी कथा अशी: एक ख्रिस्तेतर सरदार मरणपंथाला लागलेला असतो. ब्रिगिड त्याच्या उशाशी बसून जमिनीवर अंथरलेले लव्हाळे उचलते आणि क्रूस विणू लागते. तो विचारतो, हे काय? ती अर्थ सांगते आणि तो बाप्तिस्मा घेऊन देह ठेवतो. कथा सुंदर आहे, पण तिच्या प्राचीन चरित्रांत ती नाही. क्रूसाचे लिखित उल्लेख येतात ते सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे. आयरिश घरांची टवाळी करणाऱ्या इंग्रजी विडंबनकाव्यातही दारावरचा ब्रिगिडचा क्रूस डोकावतो, आणि तो घराचे आगीपासून रक्षण करतो असे तेथे उपहासाने म्हटलेले आहे.

८/
यावर एक न्याय्य आक्षेप आहे. गवत कुजते. हजार वर्षांपूर्वीचा लव्हाळ्याचा क्रूस उत्खननात सापडावा अशी अपेक्षा करता येत नाही. आक्षेप मान्य. मात्र त्यातून निघते ते एवढेच की हा क्रूस सतराव्या शतकाहून जुना असू शकतो. 'असू शकतो' पासून 'आहेच' पर्यंतचे अंतर इच्छेने कापता येत नाही.

९/
मग आकाराचे काय? त्याचे उत्तर विणणाऱ्याच्या बोटांत आहे. एक लव्हाळा उभा धरायचा. दुसरा मधोमध दुमडून पहिल्यावर अडकवायचा आणि त्याची दोन्ही टोके एका बाजूला न्यायची. सारे पाव वळसा फिरवायचे. तिसरा लव्हाळा दुमडून दुसऱ्यावर. पुन्हा पाव वळसा. असे करत गेले की मध्ये चौकोन भरत जातो आणि प्रत्येक हात मध्यरेषेपासून किंचित सरकून निघतो. शेवटी टोके बांधायची, वाढीव भाग कापायचा. सरकलेले हात हा दुमडून अडकवण्याच्या कृतीचा अटळ परिणाम आहे. त्यासाठी विणणाऱ्याच्या मनात सूर्य असण्याची गरज नाही.

१०/
याचा पडताळा त्याच परंपरेत मिळतो. हीच कृती पाव वळशाऐवजी तृतीयांश वळशाने केली की तीन हातांचा क्रूस तयार होतो. असे तीन हातांचे क्रूस विशेषतः उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात आढळतात आणि ते गोठ्यात लावले जात. अन्यत्र दोन काटक्या एकमेकींवर आडव्या बांधून त्यांभोवती पेंढा गुंडाळत नेतात. त्यातून शंकरपाळ्यासारखे चौकोन होतात आणि स्वस्तिकाची आठवणही येत नाही. मेयो परगण्यातील राष्ट्रीय संग्रहालयाच्या ग्रामजीवन दालनात अशा क्रूसांचा संग्रह आहे. इतक्या प्रकारांतून सोयीचा एक निवडायचा आणि त्यावरून सगळ्यांचे मूळ ठरवायचे, ही पद्धत सदोष आहे.

११/
हा सावधगिरीचा इशारा नवा नाही. १८७० च्या दशकात हाइनरिख श्लीमानला ट्रॉयच्या उत्खननात स्वस्तिकासारखी चिन्हे असलेल्या वस्तू सापडल्या. त्याने माक्स म्युलरचे मत मागवले. म्युलरने कळवले की 'स्वस्तिक' हा शब्द भारताबाहेरच्या चिन्हांना लावणे आपल्याला पसंत नाही. तो भारतीय शब्द आहे आणि त्याला भारतात स्वतःचा इतिहास व निश्चित अर्थ आहे. ज्याने आयुष्यभर भाषांचे नाते उलगडले, त्यानेच आकारांच्या नात्याबाबत हात आखडता घेतला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१२/
तो इशारा युरोपने ऐकला नाही. ट्रॉय, जर्मनी आणि भारत येथील सारखे दिसणारे आकार एका 'आर्य' वंशाचा शिक्का म्हणून मांडले गेले, आणि १९२० मध्ये एका पक्षाने तो आकार आपल्या ध्वजावर घेतला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. 'दिसते सारखे, म्हणजे आहे एकच' हा युक्तिवाद निरुपद्रवी कुतूहल म्हणून सुरू होतो. तो कोणाच्या हाती पडेल हे तो मांडणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही.

१३/
मूळशोधाच्या या घाईत जे खरोखर हाती आहे त्याकडे दुर्लक्ष होते. ३१ जानेवारीच्या संध्याकाळी अनेक गावांत लव्हाळे कापत नसत, हातांनी उपटत. घरातली एखादी मुलगी ब्रिगिड होऊन मोळी घेऊन दाराबाहेर उभी राही. गुडघे टेका, डोळे उघडा आणि ब्रिगिडला आत घ्या, अशा आशयाची हाक ती तीनदा देई. आतून स्वागताचा प्रतिसाद येई. मग मोळी आत येई, जेवण होई आणि विणकाम सुरू होई.

१४/
त्याच रात्री कापडाचा तुकडा किंवा फीत घराबाहेर ठेवली जाई. रात्री ब्रिगिड येऊन त्याला स्पर्श करते अशी श्रद्धा. ते वस्त्र वर्षभर जपत. डोकेदुखीत कपाळाला बांधत, गाय अडली की तिच्या पाठीवर घालत. काही भागांत 'छोटी ब्रिगिड' म्हणवणारी पेंढ्याची बाहुली घेऊन तरुण घरोघर फिरत. पश्चिमेकडे पेंढ्याच्या मोठ्या पट्ट्यातून माणसे आरोग्यासाठी पार होत. काही ठिकाणी त्या दिवशी चाक फिरवणे वर्ज्य होते, म्हणून चरखा आणि गाडी दोन्ही थांबत.

१५/
या रीतींमागची चिंता समजून घ्यायला देवीपुराण लागत नाही. फेब्रुवारीच्या आरंभी मेंढ्यांना दूध उतरू लागे. मधल्या हिवाळ्यात आटलेल्या घरात पांढरे अन्न पुन्हा येई. शेतकरी वैरण मोजून पाही: निम्मी शिल्लक असली तर जनावरे तग धरतील. घरे गवताने शाकारलेली आणि आत उघडी चूल. रात्री राखेखाली विस्तव झाकताना ब्रिगिडचे नाव घेत. एक ठिणगी उडाली तर घर, धान्य आणि गोठा एका रात्रीत जाई. अशा छपराखाली गवताचाच क्रूस आगीविरुद्ध खोवला जाई. दूध, लोणी, गुरे आणि अग्नी हे विषय कॉगिटोसस व जेराल्डच्या काळापासून चालत आले आहेत. सातत्य शोधायचेच असेल तर ते येथे सापडते. काळजी जुनी आहे. तिला हा आकार कधी मिळाला, हा वेगळा प्रश्न.

१६/
हे सारे ठाऊक आहे, कारण कोणीतरी विचारले आणि कोणीतरी लिहून घेतले. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९४२ मध्ये ब्रिगिडच्या सणाविषयी प्रश्नावली पाठवली. त्याआधी १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांनी घरातल्या व शेजारच्या वृद्धांना विचारून स्थानिक परंपरा वहीत उतरवल्या. तो संग्रह सुमारे ७,४०,००० पानांचा आहे. क्रूस कोणत्या गवताचा, कोठे लावायचा, जुन्याचे काय करायचे, याची उत्तरे प्रांताप्रांताने बदलतात. कोठे जुना क्रूस काढत नाहीत. दरवर्षी एकेक वाढत जाऊन वाशांत घराचे वय दिसू लागते.

१७/
परंपरेचे आजचे रूपही असेच माणसांनी घडवलेले आहे. १९६१ च्या ३१ डिसेंबरला आयरिश दूरचित्रवाणी सुरू झाली आणि पुढची तीन दशके ब्रिगिडचा क्रूस तिच्या बोधचिन्हात राहिला. अनेक आकारांपैकी चार हातांचाच आकार जगभर 'तो' क्रूस ठरला, यात पडद्यावरच्या त्या चिन्हाचा वाटा मोठा असावा. १९९३ मध्ये ब्रिगिडच्या नावाने चालणाऱ्या संघाच्या धर्मभगिनींनी किल्डेअरमध्ये ज्योत पुन्हा पेटवली. २०२३ पासून ब्रिगिडच्या नावाने सार्वजनिक सुटी आहे. स्त्रीच्या नावाची ती आयर्लंडमधली पहिलीच. हा दिवस चर्च, स्त्रीवादी गट आणि देवीचे नवे उपासक आपापल्या परीने पाळतात. त्यांतला कोणीही केवळ 'मूळ' अर्थाच्या बळावर दुसऱ्याला खोटे ठरवू शकत नाही.

१८/
परंपरेची किंमत तिच्या वयावर ठरवण्याची सवय घातक आहे. तीनशे वर्षांचा पुरावा हाती असताना तीन हजारांचा हट्ट धरला की त्या तीनशे वर्षांत थंडीत लव्हाळे उपटणाऱ्या स्त्रिया आणि मुले केवळ निरोप्या ठरतात: कोणत्यातरी विस्मृत पुरोहिताचे चिन्ह अर्थ न समजता पुढे नेणारी माणसे. वस्तुस्थिती अशी की त्यांना आपला अर्थ नीट ठाऊक होता. घर जळू नये, गाय आटू नये, पोर आजारी पडू नये. वहीत मुलांनी तेच लिहिले आहे.

१९/
'बृहती' आणि 'ब्रिगित' यांचे नाते अभिमानाने सांगावे. ते सिद्ध आहे. क्रूस आणि स्वस्तिकाचे नाते सांगणाऱ्याला मात्र तीन प्रश्न विचारावेत: पहिला उल्लेख केव्हाचा? मधली शतके कशाने जोडलेली आहेत? हाच आकार कृतीतून आपोआप येऊ शकतो का? ज्यांना उत्तरे स्वतः तपासायची असतील त्यांच्यासाठी शाळकरी मुलांच्या त्या वह्या 'दूखस' या आयरिश संकेतस्थळावर सर्वांना खुल्या आहेत. बऱ्याच वह्या इंग्रजीत आहेत आणि अक्षर बहुधा सुवाच्य आहे.