तिथं स्टेशन कुठंय?

कासारवाडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? नाशिक फाट्यावरचा, जे. आर. डी. टाटांच्या नावाचा तो दोनमजली उड्डाणपूल, खालचं ट्रॅफिक आणि पुढच्या बाइकवाल्याचं हेल्मेट. बरोबर ना? मी इथेच लहानाची मोठी झाले, तरी माझंही उत्तर हेच होतं. सकाळी गाडी काढायची, हिंजवडी गाठायची, रात्री परत. वीकएंडला मॉल. संपलं शहर!

तर झालं असं, की गेल्या महिन्यात आमच्या घरी फ्लॅटप्रकरण जोरात होतं. पुनावळ्याला अकराव्या मजल्यावर टू बीएचके, स्विमिंग पूल, जिम, सगळं. लोन सँक्शन, आई खूश. फक्त बाबा एकच प्रश्न धरून बसले होते, "तिथं स्टेशन कुठंय?"

मला हसूच आलं. रिटायर झालेल्या माणसाला स्टेशन कशाला हवंय? डोळ्यांमुळे डॉक्टरांनी गाडी बंद केली, तेव्हा बाबांनी चेतक विकून टाकली. आता दिवसभर घरीच तर असतात. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

"शनिवारी चल माझ्याबरोबर," बाबा म्हणाले. "आणि गाडीची किल्ली घरी ठेव."

कासारवाडी स्टेशन. पिंपरीचं तिकीट पाच रुपये! आपल्या कॉफीवरचा फेससुद्धा याहून महाग असतो. बाबांच्या खिशात छोटी डायरी, त्यात लोकलच्या वेळा लिहिलेल्या. पुणे-लोणावळा लोकल म्हणजे मुंबईची लोकल नव्हे, एक चुकली की बसा वाट बघत. "या मार्गावर रेल्वे आली १८५८ साली, लोकल सुरू झाली १९७८ मध्ये," बाबा सांगत होते. "मी हिनेच शिफ्टला जायचो. डबा मांडीवर, आणि पिंपरी येईपर्यंत एक डुलकी." पिंपरी पुढचंच स्टेशन. एवढ्यात डुलकी? असो.

पिंपरी कॅम्प मला माहीत होता तो 'लग्नाची शॉपिंग स्वस्तात' इतपतच. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना इथे वसवलं गेलं. सगळं मागे ठेवून आलेल्या माणसांनी हा बाजार उभा केला. शगुन चौकाच्या आसपास कापड, साड्या, चपला, भांडी... दुकानाला दुकान चिकटलेलं. एका दुकानात शिरलो, तर मालकांनी बाबांसाठी न सांगता स्टूल पुढे केलं. "काका, आज मुलगी पण?" म्हणजे बाबा इथे नेहमीचे! मी दोन कुर्ते घेतले, बाबांनी दाल पकवान खाऊ घातलं. मग डायरीत बघून म्हणाले, "चल, गाडीची वेळ झाली."

चिंचवडला उतरून शेअर रिक्षाने गावात. पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी, घाटावर गार वारा, मोबाइल बघायची आठवणही झाली नाही. तिथून चापेकर वाडा. १८९७ मध्ये रँडला गोळ्या घालणारे चापेकर बंधू इथलेच. आणि मी? चापेकर चौकात हजारदा हॉर्न वाजवलाय, एकदाही उतरले नव्हते.

परत येताना रिक्षाने पीसीएमसी मेट्रो स्टेशन गाठलं. बाबांनी खिशातून मेट्रो कार्ड काढलं आणि सराईतपणे टॅप केलं. मी बघतच राहिले.

"हे कधी काढलंत?"

"मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली तेव्हाच. दर बुधवारी मंडईत जातो. इथे चढायचं, थेट मंडईला उतरायचं. भाजी आणतो."

"मला कसं माहीत नाही?"

"आईला माहितीये. तू विचारलं नाहीस कधी."

संत तुकारामनगर गेलं, नाशिक फाटा गेला. मी खिडकीतून खाली बघत होते. हायवेवर आपलीच मंडळी, माझ्यासारखीच, एकेकटी, हॉर्न वाजवत. बुधवारच्या भाजीची चव मला दर आठवड्याला आवडायची, पण ती कुठून येते हा प्रश्न काही पडला नव्हता. ज्या माणसाला आपण 'घरी बसलेला' समजत होते, तो माझ्यापेक्षा जास्त शहर फिरत होता. कुणालाही 'जरा सोड ना' न म्हणता. पुनावळ्याच्या अकराव्या मजल्यावर त्यांना काय मिळालं असतं? व्ह्यू. आणि मी कधी घरी येते याची वाट बघणं.

तर फ्रेंड्स, येत्या शनिवारी किल्ली घरी ठेवा. आधी लोकलची वेळ बघा, मग निघा. एका दिवसात दोन स्टेशनं पुरेत. आणि शक्य झालं तर घरातल्या एखाद्या 'रिटायर' गाइडला बरोबर घ्या.

फ्लॅटचं काय झालं? पुनावळं कॅन्सल. आता आकुर्डीत बघतेय, स्टेशनपासून चालत आठ मिनिटं. एक बेडरूम कमी, स्विमिंग पूल नाही. एजंट म्हणाला, "मॅडम, एक सांगू? इथे गाड्यांचा आवाज फार येतो हं."

म्हटलं, "चालेल."