मखरातली फुलं कुठली घ्यायची?

मैत्रिणींनो, गणपती अजून लांब असले तरी बायकांच्या डोक्यात त्यांची तयारी श्रावण लागल्यापासूनच सुरू होते. म्हणून हा विषय आजच घेते. वसईहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. तसं घरगुतीच, पण वाचल्यापासून दोन दिवस मनातून जाईना.

लग्नाला नऊ वर्षं झाली, असं त्या लिहितात. सासरी वाडी आहे. वाडीत सोनचाफा, मोगरा, जास्वंद. सासूबाई सत्तरीला आल्या, तरी झुंजुमुंजू व्हायच्या आत फुलं खुडायला हजर. मग घरातलं कुणीतरी टोपली घेऊन पहाटेची लोकल गाठतं आणि दादरचा फूलबाजार करून येतं. गेल्या वर्षी ह्या बाईंनी मखरासाठी प्लॅस्टिकच्या झेंडूच्या बारा माळा आणल्या, सहाशे रुपयांना. एकदाच खर्च, मग तीन वर्षं बघायला नको, असा त्यांचा हिशेब. सासूबाईंनी माळ हातात घेऊन पाहिली, "रंग छान आहे हो," एवढंच म्हणाल्या. पुढे गौरी गेल्या, बाजार उतरला आणि एके दिवशी दादरहून चाफ्याची अर्धी टोपली तशीच परत आली. सासूबाईंनी ती मुकाट्यानं माडाच्या आळ्यात ओतली. वर मखरात माळा झळकतच होत्या. "मला कुणी एका शब्दानं बोललं नाही, म्हणूनच जास्त लागलं. माझं चुकलं का हो?" असं त्यांनी विचारलं आहे.

बाई गं, चार पैसे वाचवायला गेलीस, ह्यात चुकलं कसलं? दहा दिवस रोज साठ रुपयांची फुलं म्हटलं तरी सहाशे होतात, आणि सणात साठ रुपयांत काय येतं ते तुम्ही-आम्ही जाणतोच. तेव्हा आकड्यांत प्लॅस्टिकची माळ जिंकते, हे आधी कबूल करून टाकू. नाहीतर उगाच स्वदेशीवर व्याख्यान दिल्यासारखं व्हायचं, आणि व्याख्यानानं कुणाचा वाणसामानाचा हिशेब जुळत नाही.

पण हिशेब पुरा तरी मांडू या. ह्या माळा बहुतेक चीनहून येतात. काही इथं नुसत्या ओवल्या जातात, पाकळ्या तिकडच्याच असतात. पहिल्या वर्षी झकास दिसतात. दुसऱ्या वर्षी माळ्यावरून काढाव्यात तर धूळ बसून चिकट झालेल्या. साबणाच्या पाण्यातून काढल्या की आतली तार गंजते, उन्हात वाळवल्या की रंग उडतो. शिवाय तोवर बाजारात नवी तऱ्हा आलेली असते आणि मुलं म्हणतात, "आई, मागच्याच काय लावतेस?" तीन वर्षांच्या बोलीवर आणलेल्या माळा खरोखर तीन वर्षं वापरणारी बाई मला तरी अजून भेटायची आहे. आणि टाकायच्या कुठे? निर्माल्यात चालत नाहीत, मातीत कुजत नाहीत. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे समई-निरांजनाजवळ ह्या माळा कधीही टांगू नका. ओल्या फुलाला ज्योत लागली तर ते करपतं. प्लॅस्टिक नि कृत्रिम कापड पेट घेतं आणि वितळून खाली ठिबकतं.

आता वाडीची बाजू. सोनचाफा उजाडायच्या आत, पुरता उमलण्याआधी खुडावा लागतो. दुपारपर्यंत तो सोन्यासारखा, दुसऱ्या दिवशी तपकिरी. त्या दिवशी विकला गेला नाही तर त्याची किंमत शून्य. प्लॅस्टिकच्या माळेला कसली घाई? ह्या सणाला खपली नाही तर गोदामात पडून राहील, दसऱ्याला खपेल, दिवाळीला खपेल. एकीच्या हाती काही तास, दुसरीच्या हाती वर्ष. वसईच्या बागायतीवर इमारतींचं दडपण आहेच, कितीतरी वाड्या बिल्डरांकडे गेल्या. उरलेल्या वाडीतल्या माणसाला ही स्पर्धा परवडेनाशी झाली, तर तोही किती दिवस पहाटे उठेल?

सरकारनं काय केलं, असंही बाईंनी विचारलं आहे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली. सजावटीचा थर्माकोल त्या यादीत घातला, फुलं मात्र बाहेर राहिली. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात आपल्या विधानसभेत ह्यावर बराच ऊहापोह झाला आणि बंदी आणू असं आश्वासनही मिळालं. दुसऱ्या काही मालाच्या बाबतीत पावलं लवकर पडली. परदेशी खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून एकदम ६० टक्क्यांवर नेलं. गौरीला आपण घालतो तसल्या आयात केलेल्या इमिटेशन दागिन्यांवर २०२२ च्या अर्थसंकल्पात किलोमागे किमान ४०० रुपये शुल्क बसलं. पण कायद्याची वाट पाहत आपलं मखर थोडंच थांबणार आहे?

माझं सांगणं असं, की सगळं मखर फुलांनी भरायचा अट्टहासच सोडा. मागची बाजू कापडाची करा. जुन्या रेशमी साडीचे काठ, जरीचा पदर, धुवट सुती ओढणी, घरात काय नसतं? कापड दरवर्षी वापरा, कुणी नावं ठेवत नाही. कडेला केळीचे खांब, आंब्याची डहाळी, नारळाच्या झावळीची विणलेली तोरणं. खरी फुलं फक्त मूर्तीला नि पूजेला. असं केलं की दहा दिवसांचा फुलांचा खर्च निम्म्यावर येतो, आणि तो पैसा वाडीतच जातो. जवळपास फुलं पिकवणारं घर असेल तर पंधरा दिवस आधी सांगून ठेवा. ऐन चतुर्थीच्या सकाळी बाजारात उभं राहून घासाघीस करण्यापेक्षा बरं पडतं, आणि त्यांनाही कळतं की इतकी फुलं नक्की जाणार.

फुलं टिकत नाहीत ही तक्रार बव्हंशी आपल्याच हातची. मोगऱ्यावर बदाबदा पाणी मारू नका, तो काळा पडतो. ओलसर सुती फडक्यात सैल गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. जास्वंदीच्या कळ्याच आणा. गारव्यात त्या मिटून राहतात, सकाळी बाहेर काढल्या की पूजेच्या वेळेला उमलतात. चाफा काचेच्या बरणीत पाण्यात बुडवून झाकण लावून ठेवला तर वास मिळत नाही, पण शोभा बरेच दिवस राहते. झेंडूला फ्रिज नको, वारा हवा.

विजेच्या माळांबद्दल थोडं. तिथं देशी-परदेशीपेक्षा सुरक्षितता पाहा. रस्त्यावरची बिननावाची माळ, तिची केसासारखी वायर, आणि ती रात्रभर पडद्याला लागून पेटती, हा खेळ नको. खोक्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक असतो, तो पाहा. मुलांच्या खेळण्यांवर तर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआयचा शिक्का सक्तीचा आहे, माल इथला असो की बाहेरचा. बीआयएस केअर नावाचं मोबाइल ॲप आहे, त्यात हे क्रमांक घालून खरेखोटे पडताळता येतात. आयात मालाच्या पाकिटावर कुठल्या देशाचा, कुणी आणला, त्याचा पत्ता, हे छापलेलं असायला हवं. "देशीच आहे ताई, घ्या बिनधास्त," ह्या बोलण्यावर जाऊ नका, पाकीट उलटं करून वाचा. देशी म्हणून टाकाऊ माल गळ्यात मारणारेही कमी नाहीत बरं का.

राहता राहिल्या त्या बारा माळा. वसईच्या बाईंनी त्या फेकून देऊ नयेत, पैसे दिलेत. देवापासून आणि दिव्यापासून लांब, जिन्यात किंवा ओट्यावर लावाव्यात, विटेपर्यंत वापराव्यात. आणि यंदा मखर मांडायच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंना विचारावं, "उद्या आपल्या वाडीतली किती फुलं घरी ठेवायची?" दादरला जाणाऱ्या टोपलीतून ती आधी काढून घ्यावीत, आणि घरची असली तरी बाजारभावानं त्यांचे पैसे सासूबाईंच्या हातात ठेवावेत. त्या नको म्हणतील. तरी ठेवावेत.

पुढच्या अंकात गौरीच्या साड्या पेटीत ठेवताना डांबरगोळ्या घालाव्यात की कडुनिंबाचा पाला, ह्याविषयी. आपापले अनुभव अवश्य कळवा.