बटण दाबलं की झालं?

जुन्या दिवाळी अंकांच्या फायली युनिकोडमध्ये आणून देण्याचं काम माझ्याकडे सतत येतं. ‘कन्व्हर्टर आहे ना, बटण दाबलं की झालं’, असं संपादक म्हणतात. होतं काय, ते ऐका. जुन्या फॉन्टांत अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली निव्वळ आकृती. त्यामुळे ‘किती’मधली ऱ्हस्व वेलांटी तिथे ‘क’च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती ‘क’नंतर येते. रफाराचं नेमकं उलट. ही अदलाबदल बरा कन्व्हर्टर बिनबोभाट करतो. फसतो तो आडव्या अर्ध्या ‘र’पाशी. सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ त्याच्या हातून ‘दर्या’ होऊन निघतात आणि समुद्र थेट डोंगरावर चढतो! स्पेलचेकर गप्प, कारण शब्द दोन्ही खरे. मुद्रितशोधकाला पैसे द्यायचे म्हटलं, की मात्र तोंडं वाकडी होतात.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, तरी कपाटांत जुन्या सीडी पडूनच आहेत. त्या बिघडण्याआधी फायली बदलून घ्या, मूळ फाइल पुसू नका आणि बदललेला मजकूर छापील अंकाशी ताडून पाहायला माणूस नेमा.