बोअर मारण्याआधी

बोअर मारायचं ठरलं की पैशांचा प्रश्न फिरून फिरून घरातल्या बाईच्या गळ्यापाशी येतो. पाटल्या, एकदाणी, नाहीतर बचत गटाचं कर्ज. मग पाणाड्या तळहातावर नारळ धरून रानभर फिरतो, गाडी येते, रात्रभर घरघर चालते. दोनशे फूट झाले, तीनशे झाले, पाचशेलाही धूळच. गाडीवाल्याचे पैसे मात्र फुटावर असतात, पाण्यावर नाही.

याला आपण नशीब म्हणतो. मला विचाराल तर यात नशिबापेक्षा हिशेब जास्त आहे, आणि तो आपण बायकांनी मांडायला हवा. दागिने आपलेच जातात ना?

आपल्या राज्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा. पाणी साठतं ते वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत. खाली काही तळं भरून ठेवलेलं नाही. एका घराने तीनशे फुटांवर बोअर घेतलं की शेजारची विहीर आटते, मग शेजारचे चारशेवर जातात. पाणी होतं तेवढंच राहतं, फक्त दोन्ही घरं कर्जात. एकत्र कुटुंबात साखरेच्या एकाच डब्यात सगळ्या जावांनी हात घालावा आणि भरायचं कुणी, ते ठरलेलंच नसावं, तसं हे!

कायदाही जुनाच. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचं पाणी हवं तेवढं उपसण्याचा हक्क दिला. म्हणजे सातबारा ज्याचा, पाणी त्याचं. आता सातबाऱ्यावर बायकांची नावं किती, हे मी सांगायला नको. मजुरी करणारीला तर एक गुंठाही नसतो, पण विहीर आटली की हंडा घेऊन सगळ्यात लांब तीच जाते. २००९ च्या राज्याच्या भूजल कायद्याने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणले. तो लागू झाला २०१४ मध्ये. गाड्या काही थांबल्या नाहीत. त्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत. शेतकऱ्याच्या घराला तेवढाच आधार, मी त्याच्या विरोधात नाही. पण जे उपसायला पैसे पडत नाहीत, ते बेतानं वापरायचं कुणाला सुचतं?

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम मला आजही धाडसी वाटतो. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला फार तर अडीच एकर. घरात खाणारी तोंडं पाच, तर वाटे पाच. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. (वीस एकरवाल्यांना हे किती गोड लागलं असेल, कल्पना करा.) पुढे यातल्या काही योजना बंद पडल्या, हेही खरं. पण पाणी सातबाऱ्यापासून वेगळं काढता येतं, हे त्या गावाने करून दाखवलं.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरच बंद केलं. पाऊस मोजतात, आधी पिण्याचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढतात, मग कोणतं पीक ते ठरवतात. पगार आला की आपण आधी किराणा बाजूला काढतो, वेगळं काय!

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी असा नियम आहे. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरतीच उरते. तिथे एकदा विचारून तर पाहा, गावात बोअर किती, यंदा पाऊस किती पडला आणि उसाखाली रान किती.

आम्ही शहरातल्याही काही सोवळ्या नाही. आमच्या कॉलनीत घरटी बोअर, सकाळी पाइप लावून गाड्या धुणं, आणि एप्रिलपासून टँकर. सगळ्यांनी मिळून दोनच बोअर ठेवू, छपरावरचं पावसाचं पाणी त्यांत सोडू, असा विषय मी बैठकीत काढला. शेजारचे भाऊजी म्हणाले, ‘‘वहिनी, तुमच्या बोअरला आहे ना पाणी? मग?’’