तेलाच्या जॅकाची निगा

खंडेनवमीस घरांतील अवजारें पुसून पुजावयाचीं आणि दसऱ्यास मोटारीला झेंडूची माळ घालावयाची, ही चाल पुष्कळ घरांतून आहे. परंतु मोटारीच्या डिकींत पडून असलेल्या जॅकाकडे त्या दिवशींही कोणाची दृष्टि जात नाहीं. मोटारीबरोबर मिळणारा जॅक बहुधा मळसूत्राचा असतो. त्यांत तेल भरावें लागत नाहीं. येथें विचार करावयाचा तो निराळ्या विकत घेतलेल्या, बाटलीच्या आकाराच्या तेलाच्या जॅकाचा.

त्याचें तत्त्व आपण शाळेंत शिकलेलेंच आहे. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हें पास्कल या फ्रेंच पंडितानें सतराव्या शतकांत सांगितलें. त्याच आधारावर जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानें १७९५ सालीं आपल्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. जॅकांत एक बारीक दट्ट्या व एक जाड खांब असतो. दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर व खांबाचा ३ असेल, तर क्षेत्रफळें १ व ९ या प्रमाणांत होतात, म्हणून जोर नऊपट मिळतो. मात्र खांब १ सेंटिमीटर चढण्यास दट्ट्या ९ सेंटिमीटर चालावा लागतो. सृष्टीच्या जमाखर्चांत फुकट कांहींच मिळत नाहीं. हा सर्व हिशेब तेल दबत नाहीं म्हणून जमतो. हवा दबते. तेल कमी होऊन आंत हवा शिरली, कीं दांडी हलवून हात दुखतात आणि खांब जागचा हलत नाहीं.

तेल भरण्याचा क्रम असा : जॅक सपाट जागीं उभा ठेवावा. सुटीची झडप डावीकडे फिरवून सैल करावी व खांब पूर्ण खालीं दाबावा. बाजूच्या रबरी बुचाभोंवतालची धूळ आधीं पुसावी. तिचा एक कणही आंत गेल्यास झडपेंत अडकतो. मग बूच हलक्या हातानें काढावें. तेल छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असावें, अधिक नसावें. खांब वर असतांना भरल्यास तो उतरतांना जादा तेल बाहेर येतें. जुनें तेल काळें किंवा दुधाळ दिसल्यास जॅक भांड्यावर आडवा करून तें सर्व काढावें व नवें भरावें. काढलेलें तेल मोरींत न ओततां गॅरेजांत द्यावें.

संस्कृतांत तेल व तूप या दोहोंसही ‘स्नेह’ म्हणतात. पण येथें वाटेल तो स्नेह उपयोगी नाहीं. हायड्रॉलिक जॅकासाठीं म्हणून मिळणारें तेलच घ्यावें. जॅकाबरोबरचें पत्रक हेंच प्रमाण मानावें. ब्रेकचें तेल तर कदापि घालूं नये. त्यानें आंतील रबरी कड्या फुगून निकामी होतात.

भरल्यावर बूच लावून, झडप सैल ठेवूनच दांडी आठदहा वेळां पूर्ण चालवावी. मग बूच क्षणभर उघडून कोंडलेली हवा जाऊं द्यावी आणि पातळी पुन्हां पाहावी. नंतर झडप आवळून, ओझ्यावांचून खांब एकदां वर नेऊन उतरवावा. खांबावर गंज दिसल्यास तो तसाच वापरूं नये, कारण गंजाचे ओरखडे कड्यांस कापतात. म्हणून पावसाळ्यापूर्वीं खांबास तेलाचा हात पुसावा व जॅक खांब खालीं करून उभाच ठेवावा.

इतकें करूनही ओझें हळूहळू खालीं बसत असेल, तर दोष तेलाचा नसून झडपेचा किंवा कड्यांचा आहे. तेथें अधिक तेल ओतणें व्यर्थ. जॅक जाणत्या कारागिराकडे न्यावा. अतिभार रोखणारा स्क्रू तर मुळींच फिरवूं नये.

आणि सुस्थितींतील जॅकालाही एक मर्यादा आहे : तो उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. मणामणांचें ओझें एका रबरी कडीवर तोललेलें असतें, आणि ती फाटण्यापूर्वीं सूचना देईलच असें नाहीं. म्हणून गाडी कठीण, सपाट जमिनीवर घ्यावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांस पाचर लावावी, गाडी उचलतांच तिच्याखालीं लोखंडी जॅकस्टँड द्यावे, आणि भार त्यांवर उतरवावा. विटांची चळत भरंवशाची नाहीं; ती एकाएकीं फुटते. घरांतील मुलगा उत्साहानें गाडीखालीं शिरूं लागला, तर वडीलधाऱ्यांनीं प्रथम स्टँड कोठें आहेत तें विचारावें, आणि ते नसतील तर त्यास आंत जाऊं देऊं नये.