तेरच्या कापडाचा समुद्र

१/ धाराशिव जिल्ह्यातील तेर गावापासून सर्वांत जवळचा समुद्रकिनारा तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. वाटेत भीमेचे खोरे आहे आणि त्यापलीकडे सह्याद्री. तरीही पहिल्या शतकात अरबी समुद्रात वादळांशी झुंजणाऱ्या शिडाच्या जहाजांचा इतिहास तेरला वगळून लिहिता येत नाही. आणि तेरचा इतिहास त्या जहाजांना वगळून लिहिला, तर तो अर्धाच राहतो.

२/ याचा मुख्य आधार म्हणजे ‘पेरिप्लस’. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेली ही समुद्रवाटांची मार्गदर्शिका. तिचा अनामिक कर्ता इजिप्तमधील व्यापारी असावा. बॅरिगाझा म्हणजे भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाचा हिशेब देताना तो दख्खनच्या दोन नगरांची नावे घेतो: पैठण आणि तगर. तगर हे फार मोठे नगर आहे, असेही तो नोंदवतो.

३/ तगर नेमके कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. देवगिरी, जुन्नर, धारूर अशी नावे पुढे आली. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेरणाकाठचे तेर, हे मांडले. पुढील काळातील उत्खननांनी त्या मताला बळ दिले. आज संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले तेर ते हेच.

४/ पेरिप्लसच्या हिशेबाने भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून तगर आणखी दहा दिवसांवर. नीट वाटा नसलेल्या मुलखातून गाड्या भरून माल भडोचला जाई. पैठणहून मौल्यवान खडे. तगरहून मुख्यतः कापड. त्यात जाडेभरडे साधे कापडही होते आणि तलम मलमलही. महिनाभराचा खुष्कीचा प्रवास संपला की त्या गाठोड्यांचा समुद्रप्रवास सुरू होई.

५/ हा समुद्रप्रवास वाऱ्याच्या मर्जीने चाले. जहाजे जुलैच्या सुमारास इजिप्तमधून निघत, तांबड्या समुद्रातून बाहेर पडत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर शीड सोडून थेट खुल्या समुद्रात शिरत. कोकणातला कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालत नाही. ही जहाजे त्याच खवळलेल्या ऋतूचा पाठुंगळीवर भार घेऊन पूर्वेकडे येत. परतीचा वारा डिसेंबर-जानेवारीत मिळे. मधले महिने बंदरात वाट पाहण्याचे.

६/ जहाजावरचे जीवन कसे होते? प्लिनी सांगतो की चाच्यांच्या भयाने जहाजांवर तिरंदाजांच्या तुकड्या असत. पेरिप्लसमधले तपशील अधिक बोलके आहेत. कच्छच्या आखाताजवळ लाटा उसळत, भोवरे उठत आणि तळाचे धारदार खडक नांगराचे दोर कापून टाकत. किनारा दिसण्याआधी तो ओळखायचा कसा? पाण्यातल्या सापांवरून. कच्छजवळ ते मोठे आणि काळे. भडोचकडे लहान, हिरवट-सोनेरी.

७/ भडोचला पोहोचणे म्हणजे सुटका नव्हे. नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटी इतकी तीव्र की काही वेळापूर्वी तरंगणारे जहाज चिखलात रुतून बसे. म्हणून राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, भरती साधून वल्ह्यांच्या बळावर जहाज ओढून आणत. परदेशी जहाजांचे दैव या निनावी माणसांच्या हाती असे.

८/ आता शिडाकडे वळू. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या बंदराच्या उत्खननात शिडांचे सुती तुकडे मिळाले. त्यांच्या सुताचा पीळ इजिप्तच्या नेहमीच्या पिळाच्या उलट, भारतीय पद्धतीचा आहे. शिडावर पट्ट्या शिवून मजबुती दिलेली. त्या पट्ट्यांवर कड्या आणि कड्यांतून ओवलेले दोर. वारा अनावर झाला की खलाशी डेकवरूनच हे दोर ओढत आणि शीड पडद्यासारखे गुंडाळले जाई. वादळात जहाज तगे ते याच युक्तीने.

९/ ते कापड तेरचे होते काय? तसा पुरावा नाही, आणि तसा दावा कुणी करूही नये. सिद्ध आहे ते एवढेच: भडोचला जाणाऱ्या तगरच्या मालात साधे जाडे कापड होते, आणि त्या काळातील जहाजांची काही शिडे भारतीय सुताची होती. पण एवढ्यानेही चित्र बदलते. भारतीय विणकर हा व्यापाराला केवळ माल पुरवणारा नव्हता; व्यापार चालवणारे साधनही त्याच्याच मागावर तयार होत होते.

१०/ तेरविषयी लिहिताना बहुतेकांचा भर ‘रोमन’ या शब्दावर असतो. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती, तिचे इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईतील मूर्तीशी साम्य, रोमन नाण्यांच्या धर्तीवरील मातीच्या मुद्रा. हे सारे मोलाचे आहे. मात्र रोमशी संबंध होता म्हणून तेर मोठे, ही मांडणी उलटी आहे. तेर मोठे होते, म्हणूनच त्याचे नाव इजिप्तच्या व्यापाऱ्यापर्यंत पोहोचले.

११/ शिवाय समुद्र केवळ ग्रीक-रोमनांचा नव्हता. येमेनच्या दक्षिणेकडील सोकोत्रा बेटावरील होक गुहेत ब्राह्मी लिपीतील कितीतरी लेख सापडले आहेत. भारतातून गेलेल्या प्रवाशांनी तिथे आपली नावे लिहून ठेवली. त्यांत भरुकच्छचे, म्हणजे भडोचचे लोक आहेत. मोसमी वाऱ्यांचा ‘शोध’ हिप्पालस नावाच्या ग्रीक नाविकाने लावला, असे अजूनही लिहिले जाते. ज्यांचे जगणेच त्या वाऱ्यावर होते, त्यांना तो वारा कुणी शोधून द्यावा लागला नसणार.

१२/ सगळीच वादळे आकाशातून येत नसत. कल्याण हे जवळचे बंदर. पण पेरिप्लसच्या काळात तिथला व्यापार राजकीय संघर्षाने रोखला होता. चुकून तिथे लागलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाण्याची शक्यता असे. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या वैराची किंमत गाडीवानाने आणि खलाशाने मोजली.

१३/ कोकण म्हणजे समुद्र आणि मराठवाडा म्हणजे दुष्काळ, अशी वाटणी आपल्या मनात पक्की बसली आहे. वारा मात्र ही वाटणी मानत नाही. ज्या नैर्ऋत्य वाऱ्याने जहाजे भडोचकडे लोटली, तोच वारा सह्याद्री ओलांडून उरलेसुरले पाणी तेरणेच्या काळ्या मातीत टाकतो. खलाशी आणि शेतकरी दोघेही एकाच पावसाळ्याचे ऋणी आणि त्याच्याच लहरीचे बळी.

१४/ अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवलेले आहे. तो चित्रकारही समुद्रापासून दूर, डोंगरातच बसला होता. अजिंठ्याच्या जहाजचित्राच्या आधारे लाकडी फळ्या काथ्याने शिवून बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज मे २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले. देशावरच्या मातीत समुद्राची स्मृती किती खोल आहे, याचे हे ताजे उदाहरण.

१५/ म्हणून तेरचे लामतुरे संग्रहालय पाहायला जाणाऱ्या प्रत्येक तरुणाने मूर्तीसमोर थांबावेच. पण नजरेपुढे गाड्यांची तीस दिवसांची वाट, भडोचचा चिखल आणि वादळात गुंडाळले जाणारे सुती शीडही आणावे. तेरला बंदर नव्हते, तरी समुद्र होता. पाठ्यपुस्तकांनी तो त्याला परत द्यायला हवा.