विश्लेषण: कर्करोगावरची 'एमआरएनए' लस खान्देशातल्या रुग्णाच्या किती कामाची?

रशियाने कर्करोगावर शंभर टक्के गुणकारी लस काढली असून ती सर्वांना मोफत मिळणार आहे, असा संदेश सप्टेंबर २०२५ पासून मराठी व्हॉट्सॲप गटांवर वारंवार फिरतो आहे. जळगाव-धुळ्याचे गटही त्याला अपवाद नाहीत. इतर फॉरवर्डसारखा तो हसून सोडून देता येत नाही. ज्या घरात तोंडातल्या गाठीवर शस्त्रक्रिया सांगितलेली आहे, तिथे अशा संदेशामुळे 'थोडे थांबून बघू' असा विचार बळावतो, आणि त्या थांबण्यात गाठ वाढत राहते. एमआरएनए तंत्रावर आधारलेल्या कर्करोग लशींत तथ्य आहे का, असेल तर किती, आणि ती खान्देशातल्या रुग्णापर्यंत पोहोचण्यात अडसर कोणता, याचा हा वेध.

रशियाच्या दाव्यात तथ्य किती?

डिसेंबर २०२४ मध्ये रशियाच्या आरोग्य मंत्रालयाच्या रेडिओलॉजी संशोधन केंद्राचे प्रमुख आंद्रेई काप्रिन यांनी देशातल्या रुग्णांना एमआरएनए लस मोफत देण्यात येईल, असे जाहीर केले. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये व्लादिवोस्तोकच्या आर्थिक परिषदेत तिथल्या संघीय वैद्यकीय-जैविक संस्थेच्या प्रमुख वेरोनिका स्क्वोर्त्सोवा यांनी लस तयार असून केवळ सरकारी परवानगी बाकी असल्याचे सांगितले. मात्र त्यांनी ज्या निष्कर्षांचा दाखला दिला ते मानवी चाचण्यांच्या आधीच्या टप्प्यातले होते. भारतात बातमी पोहोचेपर्यंत तिला 'एन्टरोमिक्स' हे भलत्याच प्रकल्पाचे नाव चिकटले. तो प्रकल्प एमआरएनएचा नाही, कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या विषाणूंचा आहे. उंदरांवर यशस्वी ठरलेली आणि माणसांत फसलेली औषधे कर्करोगाच्या क्षेत्रात ढिगाने आहेत, त्यामुळे 'शंभर टक्के' हा शब्द दिसला की तिथेच सावध व्हावे.

पण म्हणून सगळेच खोटे, असेही नाही. खरे काम रशियाबाहेर, अधिक शांतपणे आणि आकडे जाहीर करून चालले आहे.

ही लस काम कशी करते?

'लस' हा शब्दच इथे गोंधळ करतो. पोलिओची किंवा गोवराची लस आजार होऊ नये म्हणून देतात. ही लस आजार झालेल्याला, उपचार म्हणून दिली जाते.

शेतकऱ्याला यातले तत्त्व सातबाऱ्यावरून चटकन कळेल. जमिनीची मूळ नोंद दप्तरात राहते, आपल्या हाती येतो तो उतारा. पेशीतही तसेच आहे. डीएनए ही मूळ नोंद पेशीच्या केंद्रकात राहते आणि प्रथिन बनवण्याच्या कामासाठी तिची जी नक्कल बाहेर येते ती एमआरएनए. काम झाले की ही नक्कल विरून जाते. लशीतून बाहेरून दिलेला एमआरएनए हा असाच थोड्या काळाचा उतारा असतो. तो मूळ नोंदीला हात लावत नाही. करोनाच्या लशीत या उताऱ्यावर विषाणूच्या काट्याचा मजकूर होता. कर्करोगाच्या लशीत त्या रुग्णाच्या गाठीतल्या बिघाडांचा मजकूर असतो.

हे बिघाड प्रत्येकाचे वेगळे. त्यामुळे आधी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीची आणि रुग्णाच्या रक्ताची जनुकीय तपासणी होते. दोन्हींची तुलना करून, केवळ गाठीतच आढळणारे आणि रोगप्रतिकारक पेशींच्या नजरेत भरतील असे बदल संगणकाच्या मदतीने निवडले जातात. मॉडर्ना आणि मर्क या कंपन्यांच्या लशीत असे ३४ पर्यंत बदल एकाच एमआरएनएवर लिहिलेले असतात. तो चरबीच्या सूक्ष्म कणांत गुंडाळून टोचला जातो. रुग्णाची प्रतिकारशक्ती या खुणा ओळखायला शिकते आणि शरीरात कुठे दडून राहिलेल्या पेशी असतील तर त्यांच्यावर चाल करते. म्हणजे दोन रुग्णांना एकच लस चालत नाही. औषध दुकानाच्या कपाटात ठेवून विकता येईल असा हा प्रकारच नाही.

तंत्राचा पाया कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये घातला, त्यासाठी २०२३ चे नोबेल त्यांना मिळाले. जर्मनीची बायोएनटेक ही कंपनी २००८ मध्ये स्थापन झाली ती मुळात कर्करोगासाठीच. करोना मध्येच आला.

आतापर्यंत हाती काय लागले?

सर्वात भक्कम पुरावा मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगातला आहे. मॉडर्ना-मर्कच्या चाचणीत गाठ काढून टाकलेले, पण ती परतण्याचा धोका मोठा असलेले १५७ रुग्ण होते. काहींना पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध दिले, इतरांना त्याच औषधाच्या जोडीला लस. आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका लशीच्या गटात ४४ टक्क्यांनी कमी झाला. सुमारे तीन वर्षांनंतर हा आकडा ४९ टक्के होता.

इथे थोडे थांबून आकडा समजून घेतला पाहिजे. '४४ टक्के' म्हणजे शंभरातले ४४ बरे झाले, असे नव्हे. दीड वर्षानंतर केवळ औषध घेतलेल्या शंभरांपैकी ६२ जण आजार न परतता जगत होते, लशीच्या गटात ७९. फरक सतरा जणांचा. कर्करोगात सतरा ही फार मोठी गोष्ट आहे, पण ती मथळ्यातल्या 'कर्करोगावर मात'पेक्षा लहान आहे. शिवाय रुग्णसंख्या कमी असल्याने आता एक हजाराहून अधिक रुग्णांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू आहे. खरा निकाल तिचाच.

दुसरे उदाहरण स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे. हा आजार इतका कठोर की शस्त्रक्रियेनंतरही तो बहुतेकांत परततो. न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात विनोद बालचंद्रन यांच्या चमूने १६ रुग्णांना बायोएनटेकची व्यक्तिगत लस दिली. त्यातल्या आठ जणांच्या शरीराने लशीला प्रतिसाद दिला. तीन वर्षांहून अधिक काळानंतर या आठांपैकी दोघांत आजार परतला होता, प्रतिसाद न देणाऱ्या आठांपैकी सात जणांत. सोळा हा आकडा सिद्धता म्हणण्याजोगा नाही, पण स्वादुपिंडाच्या बाबतीत असे काही पाहायला मिळेल, अशी अपेक्षाच फारशी कुणी ठेवलेली नव्हती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासाचीही चर्चा झाली. इम्युनोथेरपी सुरू होण्याच्या आगेमागे शंभर दिवसांत करोनाची एमआरएनए लस घेतलेले फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण अधिक काळ जगल्याचे त्यात आढळले. हा जुन्या नोंदींवरचा अभ्यास होता, चाचणी नव्हे. आणि आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्ड व कोव्हॅक्सिन या लशी एमआरएनए नाहीत, त्यामुळे त्यावरून इथे आशा बांधण्यात अर्थ नाही.

खान्देशात अडते कुठे?

या सगळ्या चाचण्यांत एक समान धागा आहे. सर्वाधिक आशादायक निकाल आहेत ते गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढून टाकलेल्या रुग्णांतले. डोळ्यांना दिसणारी गाठ विरघळवणे हे या लशीचे मुख्य काम नाही, मागे राहिलेल्या मोजक्या पेशी हुडकणे हे आहे. म्हणजे लस कामी यायची तर आजार वेळेत सापडायला हवा आणि शस्त्रक्रिया नीट व्हायला हवी. आपली अडचण नेमकी तिथेच आहे.

मेलानोमा भारतात क्वचित दिसतो. इथल्या पुरुषांत सर्वाधिक प्रमाण ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे आहे, बायकांत स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात चौघांमागे जवळपास एक प्रौढ व्यक्ती न ओढता, चघळून वा दाताला लावून तंबाखू वापरते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेल्या रावेर, चोपडा किंवा शिरपूरच्या कुणालाही सांगायला नको.

तोंडातला पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दुखत नाही, म्हणून ती दाखवली जात नाही. दाखवली तर आधी गावातल्या डॉक्टरची गोळी, मग मलम, मग एखादा जाणता वैद्य, मग तालुका. बायोप्सी होईपर्यंत महिने गेलेले असतात. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, निदान तिथे होऊ शकते. पण गुंतागुंतीच्या उपचारांसाठी अजिंठ्याच्या किंवा कन्नडच्या घाटातून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय गाठायचे, नाहीतर रात्रीच्या गाडीने मुंबईला टाटा मेमोरियल. तोंडाच्या कर्करोगाचे बहुतांश भारतीय रुग्ण पुढच्या टप्प्यात पोहोचूनच मोठ्या रुग्णालयाची पायरी चढतात.

आता यावर व्यक्तिगत लशीचा आराखडा ठेवून पाहा. काढलेल्या गाठीचा तुकडा योग्य रीतीने जपायचा, त्याची जनुकीय तपासणी करायची, लस तयार होण्यासाठी सहा ते नऊ आठवडे थांबायचे, मग मॉडर्नाच्या पद्धतीप्रमाणे दर तीन आठवड्यांनी एक अशा नऊ मात्रा. सोबत इम्युनोथेरपी. कपाशी वेचणीच्या दिवसांत रुग्ण आणि सोबतीचा माणूस, दोघांची मजुरी बुडवून नऊ फेऱ्या. लस फुकट दिली तरी हा खर्च उरतोच.

पैशाचे गणित कसे बसणार?

लशीला अजून मंजुरी नाही, म्हणून तिची किंमतही ठरलेली नाही. तिच्या जोडीला लागणाऱ्या औषधाची मात्र ठाऊक आहे: पेम्ब्रोलिझुमॅबच्या एकेका मात्रेचा खर्च लाखांत जातो. धुळे हा २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा सुरू झालेल्या आठ जिल्ह्यांपैकी एक. तीच योजना आज महात्मा फुले यांच्या नावाने, कुटुंबामागे ५ लाखांच्या मर्यादेसह चालते. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन यांसाठी ती हजारो घरांचा आधार आहे. इम्युनोथेरपीचा पूर्ण क्रम त्या ५ लाखांत बसत नाही, मग त्यावरची लस दूरच.

म्हणूनच खान्देशासाठी अमेरिकी मथळ्यांपेक्षा टाटा मेमोरियलच्या एका अभ्यासाला अधिक मोल आहे. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी तोंड-घशाच्या, पुढच्या टप्प्यातल्या १५१ रुग्णांवर निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या अत्यल्प मात्रेची चाचणी घेतली. दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, सोबत स्वस्त गोळ्यांची केमोथेरपी. वर्षभरानंतर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. इम्युनोथेरपीची मंजूर मात्रा गरीब व मध्यम देशांतल्या जेमतेम १ ते ३ टक्के रुग्णांना परवडते, हे त्या अभ्यासामागचे कारण होते. लस उद्या आली तरी तिला असाच कुणीतरी परवडणारा जोडीदार शोधून द्यावा लागेल.

महाराष्ट्राची तयारी कितपत आहे?

वाटते त्यापेक्षा बरी. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीची जेमकोव्हॅक ही देशातली पहिली एमआरएनए लस, तिला जून २०२२ मध्ये करोनासाठी आपत्कालीन परवानगी मिळाली. तिचे वैशिष्ट्य असे की फायझरच्या लशीसारखी उणे ७० अंशांची थंडी तिला लागत नाही, साध्या फ्रिजचे २ ते ८ अंश पुरतात. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे नेणाऱ्या भुसावळ-जळगावला हा फरक कळेल.

एकेका रुग्णासाठी वेगळे औषध बनवण्याचा अनुभवही इथे आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेली 'नेक्सकार-१९' ही रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती रुग्णाच्याच पेशी बदलून तयार होते. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्श्यात ती उपलब्ध झाली. अर्थात तो दहावा हिस्साही लाखांतच आहे.

अडचण प्रयोगशाळेची कमी आणि जिल्ह्याची जास्त आहे. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये १८ रुग्णालयांच्या त्रिस्तरीय कर्करोग सेवेला मंजुरी दिली, शिखरावर टाटा मेमोरियल. या साखळीच्या खालच्या स्तरावर पॅथॉलॉजिस्ट, शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ आणि रेडिएशनची यंत्रे प्रत्यक्षात येतात की इमारतीचे फक्त उद्घाटन होते, त्यावर पुढचे सगळे ठरेल.

आणि एक लस तर आजही आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्हीवर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून बाजारात आहे. तिच्या जोडीला तपासणी असेल तर काय होते, हे उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याने दाखवले आहे. तिथल्या सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांवर टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चोपडा किंवा साक्रीच्या आरोग्य केंद्रात हे आजच करण्यासारखे आहे.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

सुरू असलेला उपचार लशीच्या आशेने थांबवू नये, कारण लशीचा उपयोग असलाच तर तो शस्त्रक्रियेनंतर आहे. बायोप्सीचा अहवाल, काचपट्ट्या आणि मेणात जपलेला तुकडा, ज्याला रुग्णालयात 'ब्लॉक' म्हणतात, तो कुठे आहे हे विचारून ठेवावे. दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायचे किंवा पुढे जनुकीय तपासणी करायची तर सर्वात आधी त्याचीच मागणी होते, आणि जळगावहून मुंबईला गेलेले कित्येक जण तेवढ्यासाठी परत येतात.

एखाद्या चाचणीत सहभागी होता येईल का, असे विचारणाऱ्यांसाठी: भारतातल्या प्रत्येक औषध चाचणीची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया' या सरकारी संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे आणि ती कुणालाही मोफत पाहता येते. खऱ्या चाचणीत नव्या औषधासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. परदेशी कर्करोग लस मिळवून देतो म्हणून आगाऊ रक्कम मागणारा दलाल भेटला, तर त्याला या संकेतस्थळावरचा नोंदणी क्रमांक विचारावा.